साचेघराची वही

३ जुलै

भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. पुरेल तेवढा तुम्ही घ्या आणि उरेल तो जाऊबाईंना द्या. तुमच्याशी संसार करायचा म्हणजे त्यांना जास्त लागत असणार.

मी बरी आहे. उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, डावा त्याचं ऐकून घेतो, असं चाललंय. जाऊबाईंनी विणलेला स्वेटर मिळाला. एक बाही लांब, एक आखूड. त्यांना सांगा, फार सोयीचा आहे. आखूड बाहीच्या हातानं भांडी घासते आणि लांब बाहीच्या हातानं नाक पुसते. रागावल्या तर म्हणावं, वहिनीला चेष्टा केल्याशिवाय जेवण जात नाही, हे लग्नाआधीच सांगायला हवं होतं.

पत्र कशाला, म्हणाल. फोनवर तुम्हाला कंपनीच्या नफ्याचं विचारलं की तुमचा आवाज तुटतो. कांद्याचा भाव विचारला की लख्ख येतो. कागदाला रेंज लागत नाही.

तर तुमच्या झाकणांच्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला. दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी तो कपाटात कपड्यांखाली अंथरते, कारण कागद गुळगुळीत आहे, डाग धरत नाही. यंदा वाचला. वाचायचं कारण कानशा.

तुम्ही वर काचेच्या खोलीत बसणारे हिशेबांचे साहेब, खालची माणसं आठवतातच असं नाही, म्हणून सांगते. कानशा म्हणजे साचेघरात अठ्ठावीस वर्षं कानस चालवणारा, तुमच्या दादांच्या हाताखालचा. त्याला खरं नाव आहे, पण ते पगाराच्या पाकिटाबाहेर कधी निघालं नाही. झाकण पाडून पाडून पोलादी साच्याच्या कडा झिजल्या की दादा त्या भरून काढायचे आणि हा घासून गुळगुळीत करायचा. या महिनाअखेरीला तो निवृत्त होतोय. परवा आला, हातात तुमचा फॉर्म. कंपनी म्हणे कामगारांना नवे शेअर देणार, बाजारापेक्षा जरा कमी भावात, फॉर्म एकतीस जुलैपर्यंत भरायचा. कानशा निवृत्तीचे सगळे अकरा लाख त्यात घालणार आहे. सगळे म्हणजे सगळे, मागे बायकोच्या चष्म्याचेसुद्धा ठेवत नाही. मला म्हणतो, “वहिनी, साहेब म्हणाले डोळे मिटून घे. पण तुमच्याकडे दादांचे शेअर आहेत, तुम्ही एकदा डोळे उघडून सांगा.”

आता माझे डोळे म्हणजे खेड्यातल्या शाळेतले, सातवीपर्यंतचे, एका खोलीत चार इयत्ता. पण बेरीज-वजाबाकी कुठल्याही खोलीत तीच असते. मी मागच्या चार वर्षांचे अहवाल कपाटातून काढले (कपडे सध्या खुर्चीवर आहेत) आणि पाच शेजारी शेजारी मांडले.

ऑपरेटिंग नफा असा शब्द दिसला. मला आधी वाटलं तुमच्या दादांच्या ऑपरेशनचं काही आहे. वाचनालयातल्या बाईंनी समजावलं: झाकणं विकून जे आलं, त्यातून माल, मजुरी, वीज, दुरुस्ती आणि यंत्रांची झीज वजा करा, बँकेचं व्याज आणि कर बाजूला ठेवा. उरतो तो खुद्द धंद्यानं कमावलेला नफा. मला पटलं. माणूस कमावता आहे की नाही ते त्याच्या कामावरून ठरवावं, सासऱ्यानं दिलेल्या घड्याळावरून नव्हे. तुम्हाला लागलं का? मी उदाहरण दिलं फक्त.

पाच वर्षांची विक्री बघा. ऐंशी कोटी, ब्याऐंशी, एक्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याऐंशी. जागची हलत नाही. आणि धंद्याचा नफा? सहा, सहा, आठ, सव्वानऊ, दहा. प्लास्टिकचे दाणे स्वस्त झाले नाहीत, मजुरी कमी झाली नाही, वीज तर नाहीच. मग वाढला कुठून? बरं, वाढला तर वाढला, बँकेचं कर्ज का वाढलं?

एखादी सून म्हणाली, किराणा तेवढाच आणते, बचत मात्र वाढली, आणि हो, दुकानदाराची उधारीही वाढली. तर सासू काय करते? डबे उघडून बघते. मीही उघडले.

पहिला डबा दुरुस्तीचा. दुरुस्तीचा खर्च पाच कोटी, पाच, तीन, दीड, अर्धा. म्हणजे नफा चढतो तसतसा हा उतरतो, जिन्यावर दोघं समोरासमोर भेटल्यासारखे. तुमचे साचे झिजायचे थांबले का? पोलाद इतकं समजूतदार कधीपासून झालं?

दुसरा डबा अहवालात छापलेल्या मालकांच्या भाषणात सापडला. ते छाती काढून सांगतात की आधी वर्षाला तीन-चार नवे साचे व्हायचे, मग चोवीस झाले, मग एक्केचाळीस, यंदा त्रेपन्न. भाऊजी, तुमच्या दादांना एक नवा साचा करायला अडीच महिने लागायचे, आणि तेवढे दिवस ते घरात कोणाशी धड बोलायचे नाहीत. ते गेल्याला सव्वादोन वर्षं झाली. त्यांच्यामागे साचे करणारा मिळाला नाही, असं तुम्हीच जेवताना म्हणाला होतात. मग हे त्रेपन्न साचे कोण करतंय? आणि एवढे नवे साचे, तर एक झाकणसुद्धा जास्त का पडत नाही?

मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारते. दादांच्या शेवटच्या वर्षाबद्दल तर काहीच लिहीत नाही, तो विषय वेगळा.

कानशाला म्हटलंय, पंधरा दिवस थांब. तेवढ्यात तुमचं उत्तर यावं.

तुमची संशयी वहिनी

*

१४ जुलै

भाऊजी,

आशीर्वाद आहेच. मागच्या वेळचा शिल्लक असेल तर तोच वापरा.

उत्तर मिळालं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. दादांच्या आजारपणात तुम्हाला निरोप दिला तर चौथ्या दिवशी यायचात. दोन पानं टाईप केलेली, वर नफ्याचे रंगीत खांब, एकापेक्षा एक उंच. खांब छान आहेत. मी आरशाला चिकटवलेत, केस विंचरताना बघते.

तुम्ही लिहिलंत, “वहिनी, हे विषय तुमच्या डोक्यावरून जातील.” खरंय, माझी उंची कमी आहे. म्हणून मी खालून बघते, आणि खालून झाकणाच्या आतलं दिसतं.

तुमचं म्हणणं मला समजलं ते सांगते, चुकलं तर कान धरा. दुरुस्ती केली की तो त्या वर्षाचा खर्च, नफ्यातून वजा. नवा साचा केला की ती मालमत्ता. तिचे पैसे एकदम वजा होत नाहीत, पंधरा वर्षांत थोडे थोडे होतात. बरोबर? म्हणजे मी सुरीला धार लावून आणली तर आजच्या खर्चात लिहायचं, आणि नवी सुरी आणली तर पंधरा वर्षं थोडं थोडं. आता समजा मी रोज धार लावून आणली आणि रोज ‘नवी सुरी’ असं लिहिलं. वहीत मी किती काटकसरी दिसेन. पाहुण्यांना वही दाखवून उधार मागता येईल. घरात सुरी मात्र एकच, आणि धारवाल्याचे पैसे तर दिलेलेच, म्हणून कर्ज.

मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, वहिनी, असं नाही. चार शिव्या घालाल, मी वाचून हसेन. तुम्ही तसं म्हटलं नाहीत. तुम्ही लिहिलंत, “कुठला साचा नवा आणि कुठला दुरुस्त, हे मी ठरवत नाही. साचेघराच्या वहीत जे लिहून येतं तेच मी पुढे घेतो. पहिल्या वर्षीची वही दादांच्या हातची आहे. ‘नवा’ असं त्यांच्याच अक्षरात आहे. तुम्ही हा विषय काढलात तर बोट कोणाकडे जाईल, याचा विचार करावा.”

हे वाक्य मी तीनदा वाचलं. भाऊजी, तुम्ही धाकटे म्हणून तुमच्या दादांनी तुम्हाला आयुष्यभर पाठीशी घातलं. आता ते नाहीत तर तुम्ही त्यांच्या पाठीमागे उभे राहताय, नेम लागू नये म्हणून.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं, जरा जास्तच.

मग कानशाला बोलावलं. त्याला तुमचं पत्र दाखवलं नाही, घाबरू नका, घरचं धुणं मी रस्त्यावर वाळत घालत नाही. नुसतं विचारलं, “साचेघराच्या वहीत दादा काय लिहायचे रे?”

म्हणाला, “काय म्हणजे? साच्याचा नंबर, तारीख, आणि काम. नुसती कड घासली तर ‘घासला’. कड भरून, घासून, चकचकीत करून परत यंत्रावर चढवला तर ‘नवा केला’.”

“आणि खराच नवा असेल तर?”

“तर ‘नवा’. तो वर्षातून तीन-चारदा.”

“मग पुढे पुढे काय लिहायला लागले?”

तो जरा थांबला. कानशा थांबला की त्याचा अंगठा पेल्याच्या कडेवरून फिरायला लागतो, कुठे खडबडीत आहे का बघत. म्हणाला, “एका सोमवारपासून ‘केला’ गेला. सगळ्यालाच नुसतं ‘नवा’. मी विचारलं, दादा, हे काय? तर म्हणाले, हात दुखतो, कमी लिहायचं. त्यांचा हात दुखत होताच तेव्हा. मी पुढे बोललो नाही.”

तर असं आहे. दोन अक्षरं गळली, तीही जोडाक्षर नाही, काही नाही. ‘केला’. आणि तेवढ्यानं धंद्याचा नफा सहावरून आठ. दादा गेल्यावर ज्यानं वही घेतली त्याला वाटलं हीच पद्धत असणार. शिकाऊ माणूस मागचं पान बघूनच पुढचं लिहितो. म्हणून यंदाचे त्रेपन्न.

मी रात्रंदिवस एकच ताळा जमवतेय. सांगू का कुठला? हात दुखणारा माणूस कमी लिहितो ते ठीक. पण तुमच्या दादांनी चाळीस वर्षांत कधी स्क्रू कमी पिळला नाही, ते शब्द कमी लिहितील? त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. वरच्या काचेच्या खोलीतून कोणीतरी खाली उतरलं असणार. कोण, ते मी लिहीत नाही; तुम्हाला हिशेब येतो.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मालकांनी दादांना बाराशे शेअर दिले. ‘दीर्घ सेवेबद्दल’ असं छापलेला कागद, वर फीत. एकोणचाळीस वर्षं दीर्घ नव्हती, चाळिसाव्यात एकदम दीर्घ झाली. दादांनी तो कागद भिंतीवर लावला नाही, उशीखाली ठेवला. मला तेव्हा वाटलं, आजारी माणूस आहे, जवळ ठेवावंसं वाटत असेल. आता वाटतं, कोणाला दिसू नये म्हणून ठेवला असेल. बघा, माझ्या नवऱ्याच्या उशीवरसुद्धा मी संशय घ्यायला लागले. ही तुमची देणगी.

अजून एक. अहवालाच्या शेवटून तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, कंपनीच्या बड्या माणसांकडे स्वतःचे किती शेअर आहेत ते देतात. तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वी चोवीस हजार होते. यंदा चारशे. मला मात्र दर भेटीत सांगता, “वहिनी, विकू नका, अजून चढेल.” कानशाला सांगता, डोळे मिटून घे. भाऊजी, जेवण इतकं चांगलं आहे तर स्वयंपाक्यानं ताट का सारलं?

मला अजून एक गोष्ट लिहायची होती, इस्पितळातली. पण आज हात दुखतोय.

तुम्ही टाईप करू नका. या. जाऊबाईंना आणू नका, त्यांच्यासमोर तुम्ही खोकता फार.

वहिनी

*

२६ जुलै

भाऊजी,

रविवारी तुम्ही येऊन गेलात त्याला आज सहा दिवस झाले. तुम्ही चहा अर्धा ठेवलात. मी तो फेकला, तुमचा अपमान म्हणून नाही, गार झाला होता.

जे बोलणं झालं ते लिहून ठेवते, कारण तुम्ही जाताना म्हणालात, “वहिनी, आपलं काही बोलणं झालंच नाही.” मी म्हातारी आहे, पण रविवार विसरण्याइतकी नाही.

तुम्ही बसलात आणि विचारलंत, “तुम्हाला नक्की काय हवंय?”

मी म्हटलं, “एकतीस तारखेच्या आत कामगारांना खरं सांगा. दोनशे माणसं फॉर्म भरून बसलीत.”

“खरं म्हणजे काय? हिशेबात दोन मतं असतात.”

“साच्यात नसतात.”

मग तुम्ही आवाज मऊ केलात. तो मऊ आवाज मला माहीत आहे. लग्नात माझी वाट अडवून पैसे मागितलेत तेव्हाचाच. म्हणालात, “तुमचे बाराशे शेअर मी घेतो. आजच्या भावानं, वर पाच टक्के. घरातच राहतील. तुमचं म्हातारपण सुखात जाईल.”

खरं सांगते, क्षणभर मी गुडघ्याचं ऑपरेशन करून, नव्या चपला घालून फिरायलासुद्धा जाऊन आले. मग खाली आले. ज्या माणसानं स्वतःचे तेवीस हजार सहाशे विकले, त्याला माझे बाराशे कशाला हवेत? विचारलं तर तुम्ही म्हणालात, “आपुलकी.” तुम्ही गेल्यावर वाचनालयातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दोन ऑगस्टला वार्षिक सभा आहे, आणि सभेत प्रश्न फक्त भागधारकाला विचारता येतो. तेव्हा कळलं, तुम्ही शेअर विकत घ्यायला नाही, माझी जीभ विकत घ्यायला आला होतात. पाच टक्के कमी लावलेत. माझी जीभ याहून महाग आहे, जाऊबाईंना विचारा.

दारात उभं राहून तुम्ही शेवटचं म्हणालात, “दादांना सगळं माहीत होतं. तुम्हाला काय माहीत.”

मी दार लावून घेतलं. तुम्हाला वाटलं, लागलं. लागलं, पण तुम्हाला वाटलं तिथे नाही.

दोन पत्रांत मी तुमच्यावर संशय घेतला, मालकांवर घेतला, मेलेल्या नवऱ्यावर घेतला. एकीला सोडून दिलं. आज तिचं लिहिते.

ते इस्पितळात होते, दुसऱ्या आठवड्यात. सुट्टीवर असूनही साचेघराची वही रोज संध्याकाळी कानशा त्यांच्याकडे आणायचा, कारण नोंद आणि सही त्यांचीच लागायची. मी पलंगाशेजारी बसून मोसंबी सोलत होते. ते म्हणाले, “धाकटा आला होता. म्हणतो, वहीत ‘नवा केला’ लिहू नको, नुसतं ‘नवा’ लिही. मालकांना बँकेला दाखवायचंय. कंपनी तगली तर त्याची नोकरी तगेल, आणि इथलं बिलही कंपनी भरेल.” मग म्हणाले, “हे खोटं आहे गं. नवा आणि नवा केला यात फरक आहे. सही कशी करू?”

त्यांनी मला विचारलं, भाऊजी. आयुष्यात कामातलं पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं.

मी बिलाच्या काळजीत होते. आणि मला सवय आहे, जड गोष्ट आली की चेष्टेवर न्यायची. मी म्हटलं, “अहो, एक शब्द कमी लिहायचा तर एवढा विचार? उलट तुमच्या हाताला आराम. लिहा ‘नवा’. तुम्हीही आता नवे होऊनच घरी येणार आहात.”

ते हसले नाहीत. माझ्या चेष्टेला ते कधी हसले नाहीत असं झालं नव्हतं. वही मांडीवर घेतली आणि सही केली. मोसंबीची फोड दिली तर नको म्हणाले.

त्यानंतर ते अकरा आठवडे जगले आणि प्रत्येक आठवड्याला त्यांनी तसं लिहिलं. बिल कंपनीनं भरलं. मार्चमध्ये शेअर आले. मी खूश होते. भाव चढला की मी वाचनालयात वर्तमानपत्र उघडून चोरून आकडा बघायची आणि पाव किलो मिठाई आणायची. नफा कुठून वाढला, हा प्रश्न मला सव्वादोन वर्षं पडला नाही. पडू दिला नाही. कपड्यांखाली अंथरला होता.

तेव्हा तुम्ही म्हणता ते खरं आहे, दादांना माहीत होतं. तुम्ही सांगितलंत, मी हो म्हटलं, त्यांनी लिहिलं. तिघांत ज्याला लाज वाटली तो गेला. उरलो आपण दोघं.

परवा कानशाला हे सगळं सांगितलं. तुमचं, त्यांचं आणि माझं मोसंबीसकट. त्यानं ऐकून घेतलं. पाणी मागितलं, प्यायला, पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “म्हणजे वहीत बघितलं तर मी नवे साचे करत होतो.”

मी म्हटलं, “वहीत तसंच आहे.”

“अठ्ठावीस वर्षांत मला घासणाऱ्याचाच पगार मिळाला, वहिनी. नवे करणाऱ्याचा एक दिवससुद्धा नाही.”

ती चेष्टा नव्हती, तरी मला हसू आलं, मग त्यालाही आलं. जाताना त्यानं विचारलं, “दादांचं नाव घ्यायचं का बाहेर?” मी म्हटलं, घ्यायचं. तो म्हणाला, “मग साचेघरात मी सांगतो. तुम्ही बाई माणूस, तुम्हाला म्हणतील दुःखानं डोकं फिरलं. मला म्हणतील म्हातारा आहे. दोघांचं मिळून एक तरी डोकं धरतील.” त्याचा फॉर्म त्यानं भरला नाही. काल संध्याकाळपर्यंत साचेघरातल्या अकरा जणांनी आपापले फॉर्म परत मागितले. बाकीचे अजून तुमच्या खांबांकडे बघतायत.

मी माझे शेअर विकले नाहीत आणि विकणार नाही. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, सभेआधी विकून मोकळ्या व्हा. पण मी विकले तर कोणीतरी घेणार ना. माझ्यासारखीच कोणी असेल, खांब आरशाला चिकटवणारी. तिच्या गळ्यात मुद्दाम बांधायचे आणि आपण सुटायचं, हे मला जमेल असं वाटत नाही. बुडाले तर माझ्यासकट बुडू देत. फुकट आले होते असं तरी म्हणता येणार नाही. काय दिलं ते मला आता माहीत आहे.

दोन तारखेला सभेत मी प्रश्न विचारणार. गेल्या तीन वर्षांत नवे म्हणून दाखवलेले एकशे अठरा साचे एकदा कारखान्यात मोजून दाखवावेत, एवढाच. कानशा म्हणतो सगळे मिळून चाळीस निघतील. मोजायला अर्धा दिवस पुरतो. उत्तर द्यायला बहुतेक तुम्हालाच उभं करतील. मालक अशा वेळी पाणी पितात.

तुम्हाला अजून सात दिवस आहेत. स्वतःहून सांगितलंत तर चूक केली म्हणतील, मी विचारल्यावर सांगितलंत तर चोरी केली म्हणतील. फरक मोठा आहे. तुमची नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही जाईल. त्या दिवशी घरी जायला तोंड नसेल तर इकडे या. मला तुमचा राग आहे, पण ताटही आहे. जाऊबाईंना मात्र तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. मी एकदा नवऱ्याचं ऐकून न घेता बोलले, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

या पत्रात मी चेष्टा कमी केली, ते तुमच्या लक्षात आलं असेल. कारण हे पत्र तुम्ही एकटे वाचणार नाही. दोन प्रती हातानं लिहिल्या आहेत, हात खरोखर दुखतोय. एक तुम्हाला. दुसरी, आधीच्या दोन पत्रांच्या मी ठेवलेल्या नकला आणि तुमचं टाईप केलेलं उत्तर जोडून, आज कंपनीच्या हिशेब तपासनिसांना रजिस्टर पोस्टानं जातेय. पावती माझ्याकडे राहील.

त्या पत्राखाली वहिनी अशी सही चालत नाही म्हणून पोस्टातल्या माणसानं सांगितलं, तेव्हा दोन्हीकडे एकच करते.

भागधारक, बाराशे शेअर,
आणि ‘लिहा’ म्हणणारी ती